२२ वर्षांनी पुन्हा अभ्यासाला बसताना

शेवटची परीक्षा देऊन २२ वर्षं झाल्यावर मी पुन्हा एका अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. पहिल्या संध्याकाळी टेबलावर पाठ्यपुस्तक होतं, शेजारी नवा लॅपटॉप होता आणि पहिला स्वाध्याय असा होता: पहिलं प्रकरण वाचा, दोन पानांचं उत्तर टाइप करा, अपलोड करा. रात्री साडेअकरा वाजता स्थिती अशी, की पहिला परिच्छेद चारदा वाचून झाला होता, चंद्रबिंदी कुठल्या कळीवर आहे ते सापडत नव्हतं आणि टाइप केलेलं अर्धं पान कुठेतरी गडप झालं होतं. ‘आता नाही जमायचं आपल्याला’ असं म्हणून मी झाकण मिटलं.

चूक लक्षात यायला दीड महिना लागला. मी एकाच बैठकीत तीन गोष्टी शिकायला बसले होते: विषय, उत्तर लिहिणं आणि यंत्र. अडलं की कशात अडलंय हेच कळायचं नाही, आणि मग सगळ्याचं खापर वयावर फुटायचं. त्यानंतर मी स्वतःला एक नियम घालून घेतला. एका वेळी एकच गोष्ट नवी. यंत्र नवं असेल तर मजकूर जुना, पाठ असलेला घ्यायचा. मजकूर नवा असेल तर हत्यार जुनं, म्हणजे कागद आणि पेन. खालच्या सगळ्या पायऱ्या या नियमावर बेतल्या आहेत.

वयाबद्दल एवढंच सांगते. जोशुआ हार्टशोर्न आणि लॉरा जर्माइन या संशोधकांनी २०१५ मध्ये हजारो लोकांच्या चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध केले. चिन्हं झटपट जुळवण्यासारखा निव्वळ वेग अठरा-एकोणीसच्या आसपास सर्वांत जास्त असतो, पण शब्दसंग्रह साठी ओलांडेपर्यंत वाढत जातो, असं त्यात दिसलं. तेव्हा वर्गातल्या पोरांशी वेगात स्पर्धा लावू नका, हराल. पण वाचलेल्या गोष्टीला आपल्या अनुभवातलं उदाहरण जोडायची वेळ आली, की तीच पोरं तुमच्याकडे बघतील.

१. आधी कागदपत्रं, अभ्यास नंतर

हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून एका दिवसात उरकून टाका. साधारणपणे लागतं ते असं:

- शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र
- आधीची शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला, मागितला तर
- फोटो असलेलं ओळखपत्र
- नाव बदललं असेल तर त्याचा अधिकृत पुरावा
- अलीकडचा फोटो आणि पांढऱ्या कागदावर केलेली सही, दोन्ही स्कॅन करून
- स्वतःचा ईमेल पत्ता आणि स्वतःचा मोबाइल नंबर

यात दोन खड्डे आहेत. पहिला नावाचा. गुणपत्रिकेवर एक नाव, ओळखपत्रावर दुसरं, कुठे मधलं नाव आहे तर कुठे नुसतं आद्याक्षर. संगणकाला यातली दोन्ही माणसं वेगळी वाटतात. अर्ज भरण्याआधी सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. जुळत नसेल तर अर्जात कुठलं घालायचं ते संस्थेला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

दुसरा खड्डा ‘स्वतःचा’ या शब्दात आहे. मी सुरुवातीला मुलाचा ईमेल आणि मुलाचाच नंबर दिला, कारण तोच शेजारी बसून अर्ज भरत होता. पुढे दोन महिने प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जायचा, तो कामावर असायचा आणि मी लॉगिनच्या पानावर बसून त्याला फोन लावत असायचे.

फोनने काढलेला फोटो बऱ्याचदा काही एमबीचा असतो आणि अर्जात मागतात काही केबी. १,००० केबी म्हणजे साधारण एक एमबी, यावरून अंदाज घ्या. फोटो लहान करून त्याची वेगळी प्रत ठेवा, मूळ फोटोवरच पुसापुशी करू नका.

२. डोळे

परिच्छेद चारदा वाचूनही डोक्यात जात नाही, याचं कारण कधीकधी डोक्यात नसतंच, डोळ्यांत असतं. चाळिशी हा शब्द आपण उगाच बनवलेला नाही. त्या सुमारास डोळ्यातलं भिंग इतकं ताठर झालेलं असतं, की जवळचं धूसर दिसू लागतं. मेंदूची अर्धी ताकद मग अक्षरं लावण्यात जाते.

तपासणीला गेलात की एक गोष्ट आठवणीने सांगा: पुस्तक किती अंतरावर धरता आणि पडदा किती अंतरावर असतो. पुस्तक साधारण ४० सेंटिमीटरवर असतं, संगणकाचा पडदा त्याहून बराच लांब. पुस्तकाचा चष्मा पडद्याला चालेलच असं नाही. मी मान पुढे काढून, हनुवटी वर करून वाचायचे आणि मानदुखीला अभ्यासाचा ताण म्हणायचे. इंटरनेटच्या पानावरचं अक्षर मोठं करायला कंट्रोल दाबून अधिकची कळ दाबतात. हे पहिल्याच दिवशी शिका, त्यात कमीपणा काही नाही.

३. दोन आठवडे फक्त यंत्राचे

या दोन आठवड्यांत अभ्यासाचं पुस्तक उघडायचं नाही. टाइप करायला पाठ असलेली कविता, घरातल्या पुस्तकांची यादी, आपल्या पहिल्या शाळेबद्दल दहा ओळी, असं काहीही घ्या, फक्त त्यासाठी डोकं लागता कामा नये. त्याच मजकुरावर रोज अर्धा तास हे करून पाहा: फाइल जतन करा, बंद करा आणि पुन्हा शोधून काढा. तिचं नाव बदला. तिच्यासाठी फोल्डर करा. तिची पीडीएफ बनवा. स्वतःलाच ईमेलने जोडून पाठवा आणि फोनवर उघडून बघा. मग मुद्दाम चार ओळी खोडा आणि परत आणा.

हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. ‘चुकून काहीतरी दाबलं जाईल’ ही भीती आपल्या पिढीचा हात बांधून ठेवते. कंट्रोल आणि झेड एकदम दाबलं की शेवटची कृती मागे जाते. पुन्हा दाबलं की आणखी एक पाऊल मागे. मी एका दुपारी पानभर मजकूर निवडून पुसला आणि परत आणला, असं वीसेक वेळा केलं. त्या दिवशी भीती गेली. पाटीवर पुसलेलं परत येत नाही, इथे येतं, हे हाताला पटावं लागतं.

रोजच्या वापरातल्या कळा पाचच आहेत. कंट्रोलसोबत एस म्हणजे जतन, झेड म्हणजे मागे, सी म्हणजे नक्कल, व्ही म्हणजे चिकटवणं, एफ म्हणजे शोधणं. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड. त्या कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवा. बाकीच्या शंभर युक्त्या व्हिडिओतले लोक सांगतील, त्या आत्ता नकोत.

आता या दोन आठवड्यांतले सापळे.

*‘आण, मी करून देतो.’* घरातलं तरुण माणूस मदतीला येतं, माउस हातातून घेतं, चार सेकंदांत काम करतं आणि जातं. आपण काय शिकलो? काही नाही. मी घरात कायदा केला: सांगायचं तोंडाने, हात माझाच. पहिले काही दिवस त्यांना फार त्रास झाला. ‘अगं आई, डावीकडे, तुझ्या डावीकडे’ असं ओरडणं चालायचं. पण त्या पद्धतीने शिकलेलं आजवर विसरले नाही.

*फाइल गेली कुठे?* बहुधा ती गेलेली नसते. इंटरनेटवरून उतरवलेली फाइल ‘डाउनलोड्स’ नावाच्या फोल्डरात असते आणि शोधताना आपण भलतीकडेच बघत असतो. अभ्यासासाठी एकच मोठा फोल्डर करा, त्यात विषयाप्रमाणे छोटे, आणि उतरवलेली प्रत्येक फाइल त्याच दिवशी तिथे हलवा. एक प्रत क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, आणि एक पेनड्राइव्हवर. यंत्र बिघडायला स्वाध्यायाच्या आदल्या रात्रीचाच मुहूर्त सापडतो.

*पासवर्ड.* छोटा आणि चमत्कारिक पासवर्ड घालून तो विसरण्यापेक्षा लांब आणि लक्षात राहणारा बरा. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत जोडून लिहिले तरी चांगला पासवर्ड होतो. मुलांची नावं आणि जन्मतारखा मात्र नकोत. लिहून ठेवायचाच असेल तर घरातल्या वहीत ठेवा, फोनच्या कव्हरमध्ये नको. ओटीपी कुणी फोनवर मागितला, तो संस्थेचं नाव सांगत असला तरी, द्यायचा नाही.

४. मराठी टायपिंग: इथे घाई केलीत तर पुढे वर्षभर भोगाल

मी भोगलं आहे. तो अडलेला पहिला स्वाध्याय शेवटी मी ओळखीच्या एकांच्या जुन्या संगणकावर, तिथे होता त्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केला. पडद्यावर सुंदर दिसत होतं. शिक्षकांनी उघडलं तेव्हा त्यांना दिसली रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि कंसांची खिचडी. त्यांचं उत्तर आलं, ‘फाइल वाचता येत नाही, पुन्हा पाठवा’, आणि मुदत संपायला उरले होते दोन तास.

कारण असं. जुन्या पद्धतीचे फॉन्ट फसवणूक करतात. आत साठवलेलं असतं रोमन अक्षर, फॉन्ट त्याच्या जागी फक्त चित्र देवनागरी अक्षराचं काढतो. तो फॉन्ट समोरच्याकडे नसेल तर मुखवटा गळून पडतो. युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारी सामायिक पद्धत. तिच्यात तसं नाही. १९९१ मध्ये आलेल्या पहिल्या आवृत्तीपासूनच तिच्यात देवनागरी आहे आणि तिथे मूळ अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. उदाहरणार्थ ‘क’चा ०९१५. फॉन्ट कुठलाही असो, ‘क’ हा ‘क’च राहतो. म्हणून टाइप करायचं ते युनिकोडमध्येच. ओळखायची सोपी खूण म्हणजे लिहिलेलं वाक्य कॉपी करून स्वतःला मेसेज करा. तिथेही मराठी दिसलं तर ठीक.

युनिकोडमध्ये टाइप करायच्या दोन वाटा आहेत.

पहिली वाट उच्चारानुसार. रोमन अक्षरांत लिहायचं, यंत्र देवनागरी करतं. लगेच जमतं, म्हणून बहुतेक जण हीच धरतात. पण यंत्र अंदाज बांधत असतं. ‘न’ की ‘ण’, ‘ल’ की ‘ळ’, ऱ्हस्व की दीर्घ, प्रत्येक ठिकाणी त्याने निवडलेलं तपासावं लागतं. वेळ म्हणावं तर वेल उगवतो. चार ओळींच्या निरोपाला ठीक आहे, दहा पानांना डोक्याला ताप.

दुसरी वाट इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली कळफलकाची मांडणी. पहिले दहा दिवस चिडचिड होते आणि नंतर माणूस पहिल्या वाटेकडे ढुंकून बघत नाही. हिची रचना आपल्या बाराखडीसारखी मुळातच शिस्तीची आहे. स्वर आणि काने-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं मुख्यतः उजव्या हाताला. ‘के’च्या कळीवर क, शिफ्ट धरून तीच कळ म्हणजे ख. ‘आय’वर ग, शिफ्टने घ. ‘एल’वर त, शिफ्टने थ. ‘डी’वर हलन्त, म्हणजे पाय मोडायची खूण. त्यामुळे ‘क्त’ हवा असेल तर के, डी, एल. जोडाक्षर जसं तोंडाने फोडतो तसंच बोटांनी फोडायचं, क चा पाय मोडून त. ऱ्हस्व वेलांटी मात्र, कागदावर आधी काढत असलो तरी, इथे व्यंजनानंतर दाबायची. मला हीच सवय लागायला सर्वांत जास्त दिवस लागले.

कळफलकावरच्या एफ आणि जे या कळांवर बोटाला लागेल अशी बारीक रेघ असते. दोन्ही तर्जन्या तिथे ठेवल्या की न बघता बाकीच्या कळा सापडू लागतात. रोज १५ मिनिटं, त्याहून जास्त नको. हात बसायला वेळ लागतो आणि तो वेळ झोपेतही चालू असावा असं मला वाटतं, कारण रात्री न जमलेलं सकाळी जमायचं.

एक खास मराठी गोष्ट. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत समुद्र आणि डोंगर एवढं अंतर आहे. दुसऱ्यातला अर्धचंद्रासारखा र काढायला नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ऱ, मग हलन्त, मग य. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. हे कुणी सांगत नाही आणि ‘पुढार्‍यांचे’ ठिकठिकाणी ‘पुढार्यांचे’ होऊन बसतात.

बोलून टाइप करणं फोनवर बऱ्यापैकी चालतं. कच्चा खर्डा बोलून घ्यायला चांगलं. पण विरामचिन्हं आणि पारिभाषिक शब्द नंतर हाताने नीट करावेच लागतात.

५. वाचन: पुस्तक मिटल्यावर जे उरतं तेच आपलं

आता विषय नवा, म्हणून हत्यारं जुनी. वही, पेन, छापील पान.

शाळेत आपण काय करायचो? धडा पुन्हा पुन्हा वाचायचो. रंगीत रेघा ओढायचो. तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटायचं आणि ‘आलं की’ असं समाधान व्हायचं. ओळखीचं वाटणं आणि येणं यात फरक असतो, हे परीक्षेच्या हॉलमध्येच कळायचं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हाच फरक मोजला. एका गटाने उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्याने एकदाच अभ्यासला आणि तीन वेळा, न बघता, आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा त्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं आणि दुसऱ्या गटाला सुमारे ६१ टक्के.

म्हणून आता मी असं वाचते. आधी प्रकरणाची शीर्षकं, आकृत्या आणि शेवटचे प्रश्न चाळते, पाच मिनिटं. मग एक भाग, दोन-तीन पानं, पेन न घेता वाचते. मग पुस्तक मिटते आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिते, तुटक, कसंही. सुरुवातीला चार ओळी आठवायच्या आणि फार लाज वाटायची. मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाच्या पेनने भरते. त्या दुसऱ्या रंगाकडेच उद्या बघायचं असतं, कारण आपलं कच्चं कुठे आहे त्याचा तो नकाशा असतो. ताळा करून पाहिल्याशिवाय गणित सोडायचं नाही, असं आपल्याला शिकवलं होतं ना, तसंच.

उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने अर्थहीन अक्षरगट स्वतःच पाठ करून स्वतःचंच विसरणं मोजलं आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. विसरणं सगळ्यात वेगाने सुरुवातीच्या तासांत होतं, एका दिवसानंतर पुन्हा पाठ करताना आधीच्या श्रमांपैकी जेमतेम एक तृतीयांश वाचतात, असं त्याला दिसलं. तेही साहेब ऐन तिशीत असताना! त्यामुळे काल वाचलेलं आज आठवत नाही म्हणून डोकं धरून बसू नका. आणि हेही ध्यानात घ्या, की त्याचे अक्षरगट निरर्थक होते. अर्थ लागलेली गोष्ट जास्त टिकते.

व्याख्या, सूत्रं, सनावळ्यांसाठी पत्ते करा. एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. एका खोक्यात तीन कप्पे. आलेला पत्ता पुढच्या कप्प्यात, न आलेला पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात ही पेटी लोकप्रिय केली. आता यासाठी ॲप्सही आहेत, पण मी खोकंच वापरते. पत्ता स्वतः लिहिताना निम्मं काम होऊन जातं.

एकाग्रतेचं म्हणाल, तर सुरुवातीला मला बारा मिनिटांच्या वर बसवत नव्हतं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला आणि बारा मिनिटांचाच गजर लावला. दर आठवड्याला तीन-चार मिनिटं वाढवली. आता ३५ मिनिटांवर आहे आणि तिथेच ठीक आहे.

पडद्यावर वाचायची वेळ आली तर पीडीएफ उघडल्यावर एखादी ओळ निवडून पाहा. निवडली जात नसेल, तर ती फाइल म्हणजे पानांची नुसती छायाचित्रं आहेत. त्यात शब्द शोधता येणार नाही आणि यंत्राकडून मोठ्याने वाचूनही घेता येणार नाही. आधी तिच्यातला मजकूर ओळखून घेणाऱ्या ॲपमधून ती न्यावी लागते. वाचून दाखवायची सोय फोनमध्ये असते. डोळे थकल्यावर मी वाचलेलं प्रकरण तिच्याकडून ऐकते.

६. लेखन, आणि हात दुखणं

परीक्षा हाताने लिहायची असेल तर लगेच सुरुवात करा. २२ वर्षं सह्या आणि याद्यांपलीकडे काही न लिहिलेल्या हाताला तीन तास झेपत नाहीत. पहिल्या सराव परीक्षेत चाळीस मिनिटांत माझा अंगठा आखडला आणि शेवटचे दोन प्रश्न येत असूनही सोडले. त्यानंतर रोज दहा मिनिटांपासून सुरुवात केली आणि परीक्षेआधी तीन महिने दर रविवारी पूर्ण वेळेची एक उत्तरपत्रिका लिहिली. पेन जाड पकडीचं घ्या आणि दाबून लिहू नका.

टिपणं वहीत की लॅपटॉपवर? २०१४ च्या एका गाजलेल्या अभ्यासात हाताने टिपणं काढणारे सरस ठरले, कारण टाइप करणारे व्याख्यान शब्दशः उतरवत राहतात. पुढे तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक तितका ठाम निघाला नाही. माझं कारण साधं आहे. वहीत दुसरी खिडकी उघडत नाही.

स्वाध्याय लिहिताना पहिला खर्डा वाईटच लिहायचा, हे ठरवून घ्या. ऱ्हस्व-दीर्घ नंतर. पहिल्याच वाक्याला परिपूर्ण करत बसलं की संध्याकाळ जाते. मी आधी प्रश्नातलं क्रियापद अधोरेखित करते. ‘वर्णन करा’, ‘तुलना करा’ आणि ‘चर्चा करा’ ही तीन वेगळी कामं आहेत आणि प्रौढ विद्यार्थी तिन्हींना एकच उत्तर देतात: जे माहीत आहे ते सगळं. मीही दिलं आहे, गुण बरोबर निम्मे पडले.

ज्या पुस्तकातून जे घेतलं त्याची नोंद लिहितानाच करा. लेखक, नाव, वर्ष, पान. नंतर शोधू म्हटलं की पुस्तक ग्रंथालयात परत गेलेलं असतं. आणि दुसऱ्याचं वाक्य अवतरणचिन्हाशिवाय घेतलं तर ती चोरी धरतात. आपल्या वेळी गाइडमधलं उत्तर जसंच्या तसं लिहिणं चालून जायचं, आता ते पकडणारी सॉफ्टवेअरं आहेत.

७. एआयला काय विचारायचं

संस्थेचा नियम आधी वाचा. काही ठिकाणी वापर चालतो, काही ठिकाणी सांगून चालतो, काही ठिकाणी अजिबात नाही.

चालत असेल तर त्याला लिहायला लावू नका, विचारायला लावा. ‘या प्रकरणावर मला एकेक प्रश्न विचार, माझं उत्तर आल्याशिवाय पुढचा विचारू नकोस.’ रात्री दहा वाजता न कंटाळता प्रश्न विचारणारा सोबती मला याआधी मिळाला नव्हता. एकच गोष्ट पाच वेळा विचारली तरी तो उसासा टाकत नाही.

पण तो थापा मारतो, आणि त्या खऱ्याइतक्याच ठाम आवाजात मारतो. मी एका विषयावर पुस्तकं विचारली तर पाच सांगितली, लेखक आणि सालासकट. ग्रंथालयाच्या सूचीत त्यातली दोनच होती. बाकीची तीन कधी लिहिलीच गेली नव्हती. त्याने दिलेलं नाव, वर्ष, आकडा दुसरीकडे सापडल्याशिवाय वहीत चढवू नका.

८. विचारणं

नोकरी-संसारात वीस वर्षं काढलेल्या माणसाला ‘मला समजलं नाही’ म्हणणं जड जातं. मी वर्गात मान हलवायचे आणि घरी येऊन रडकुंडीला यायचे. ‘मला काहीच कळत नाही’ या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, हे एका शिक्षिकेने मला सांगितलं. कुठपर्यंत कळलं ते सांगा आणि कुठल्या ओळीवर थांबलात ते दाखवा. यंत्राबद्दल असेल तर तीन गोष्टी: काय करायला गेले, काय व्हायला हवं होतं, काय झालं. सोबत पडद्याचा स्क्रीनशॉट. असा प्रश्न विचारला की निम्म्या वेळा लिहितानाच उत्तर सापडतं.

ऑनलाइन वर्गात बोलून झालं की माइक बंद आहे ना ते बघा. याबद्दल अधिक सांगणार नाही.

९. सबमिट करताना

फाइलच्या नावात विषय, तुमचं नाव आणि तारीख घाला. माझ्या फोल्डरात एकेकाळी ‘अंतिम’, ‘अंतिम२’, ‘खरंच अंतिम’ आणि ‘हीच पाठव’ अशा चार फाइली होत्या, आणि गेली ती ‘अंतिम’.

मुदतीच्या आदल्या दिवशी पाठवा. पीडीएफ करून पाठवा, म्हणजे मांडणी हलत नाही. पाठवण्याआधी तीच पीडीएफ दुसऱ्या यंत्रावर, निदान फोनवर, उघडून शेवटच्या पानापर्यंत बघा. अपलोडची रेघ पूर्ण होईपर्यंत खिडकी बंद करू नका. फाइल निवडणं आणि सबमिटचं बटण दाबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्याबरोबरच्या एकीने फाइल निवडून तीन दिवस निकालाची वाट पाहिली होती. मिळालेल्या पोचपावतीचा स्क्रीनशॉट काढून त्याच विषयाच्या फोल्डरात ठेवा, मग लॅपटॉप मिटा.